‘अंतर्गत बाब’ : एका शब्दप्रयोगाची चिकित्सा

राजकारणाच्या भाषेत काही शब्दप्रयोग नाण्यासारखे हातोहात फिरत असतात. ते इतके गुळगुळीत झालेले असतात की त्यांच्यावरची मुद्रा कोणाची, हे कोणी पाहत नाही. ‘ही आमची अंतर्गत बाब आहे’ हा असाच एक शब्दप्रयोग. देशाच्या एखाद्या अशांत प्रदेशातील तुरुंगांविषयी, गोळीबारांविषयी, बेपत्ता माणसांविषयी परदेशातून कोणी प्रश्न विचारला की हे वाक्य पुढे केले जाते. ते कोणी कोणी वापरले, कोणाविरुद्ध वापरले आणि ते वापरताना काय झाकले गेले, हे तपासून पाहण्याचा येथे विचार आहे.

हा विषय आपल्या वाचकांना दूरचा वाटू नये. झारखंडमधील आदिवासींमध्ये आयुष्य वेचलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांचे ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात, न्यायालयीन कोठडीत असताना निधन झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्तांच्या कार्यालयाने आणि युरोपीय संघाच्या मानवाधिकार प्रतिनिधीने त्यावर जाहीर खेद व्यक्त केला. त्या दिवसांत आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत दोन सूर उमटले. एक सूर समाधानाचा : निदान जगाने तरी दखल घेतली. दुसरा सूर दबक्या आवाजातला : बाहेरच्यांनी आपल्या माणसाची बाजू घेतली की आपणच बाहेरचे ठरतो, त्यांनी गप्प बसावे हे बरे. हा दुसरा सूर भित्रेपणाचा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. त्यामागे इतिहास आहे. मध्य प्रदेशातील नियोगी समितीच्या १९५६ सालच्या अहवालापासून ‘विदेशी’ हे विशेषण आपल्या अंगाला चिकटलेले आहे आणि गोव्यातून आलेल्या मुंबईकर कॅथलिकांनी तर ते त्याआधीपासून सोसले आहे. म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात न देता जुनी कागदपत्रे चाळून द्यावे, हे बरे.

जुन्या कागदांत पहिली गोष्ट अशी आढळते की, स्वतंत्र होण्याच्याही आधी भारताने जागतिक व्यासपीठावर जे पहिले मोठे भांडण मांडले ते दुसऱ्या देशाच्या ‘अंतर्गत बाबी’विषयीचेच होते. १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना दिल्या जाणाऱ्या वागणुकीची तक्रार आपण संयुक्त राष्ट्रांकडे नेली. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. आपल्या मुंबईचे महंमद करीम छागला त्या शिष्टमंडळात होते. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांनी सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या उपकलमाचा आधार घेतला : राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारकक्षेत संयुक्त राष्ट्रांनी ढवळाढवळ करू नये. ८ डिसेंबर १९४६ रोजी महासभेने दोनतृतीयांश मतांनी भारताच्या बाजूने ठराव केला. ज्या ठिकाणी माणसाची त्याच्या वर्णावरून अवहेलना होते तेथे सरहद्दीचा खांब हा युक्तिवाद होऊ शकत नाही, ही भूमिका जगाला पटवून देणाऱ्यांत भारत अग्रभागी होता. ही आपली अभिमानाची ठेव आहे. तिचे व्याज आपल्यालाही भरावे लागेल, हे मात्र त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही.

आता गोव्याकडे वळू. कारण मराठी कॅथलिक वाचकाच्या दृष्टीने या शब्दप्रयोगाची खरी परीक्षा तेथे झाली. ब्रिटिश गेले, पोर्तुगीज राहिले. १९५१ साली सालाझारच्या राजवटीने राज्यघटनेतच दुरुस्ती करून ‘वसाहती’ हा शब्द काढला आणि ‘सागरपार प्रांत’ हा घातला. गोवा म्हणजे जणू लिस्बनच्या शेजारचा एखादा जिल्हा! भाषेतील एवढ्या बदलाने काय साधते ते १९५५ च्या अखेरीस दिसून आले. त्या डिसेंबरात पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. पुढे, तुमच्या ताब्यात स्वयंशासन नसलेले प्रदेश आहेत काय, या प्रश्नाला त्याने सरळ ‘नाही’ असे उत्तर दिले. प्रांत आहेत, वसाहती नाहीत. तेव्हा अहवाल कसला आणि कोणाला? हे ‘नाही’ अमान्य करून गोव्यासह त्या प्रदेशांची यादी महासभेने केली ती १५ डिसेंबर १९६० रोजी.

दरम्यान तुरुंग भरत होते. चांदरच्या कॅथलिक घराण्यात जन्मलेले त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ साली लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. हाच गृहस्थ तारुण्यात पॅरिसमध्ये असताना भारतातील ब्रिटिश सत्तेविषयी फ्रेंच वाचकांना लिहून सांगत असे. म्हणजे परक्यांच्या सदसद्विवेकाला साद घालण्याची विद्या त्याला ठाऊक होती. सुटून आल्यावर १९५३ पासून त्यांनी मुंबईतूनच ‘फ्री गोवा’ चालविले आणि १९५८ साली मुंबईतच त्यांचे निधन झाले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविणाऱ्या तुकडीचा नायक आल्फ्रेड आफोन्सो होता. गोव्यातील कॅथलिकांना भारतापासून धर्मरक्षण हवे आहे, या लिस्बनच्या प्रचाराला ही नावेच उत्तर होती. १९५५ च्या जुलैत पंडित नेहरू रोमला पोप बारावे पायस यांना भेटले आणि गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नव्हे, याविषयी पोपमहाशयांचेही तसेच मत असल्याचे त्यांनी वार्ताहरांना सांगितले. मुंबईच्या धर्मपीठावर तेव्हा कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस होते : गोमंतकीय आईबापांचे पुत्र आणि या पीठावरचे पहिले भारतीय. याच पीठावर पोर्तुगीज आणि ब्रिटिश महागुरुस्वामी आलटून पालटून नेमण्याची प्रथा १९२८ च्या करारापासून चालत आली होती, हे आठवले म्हणजे १९५० साली झालेल्या त्या नेमणुकीचे महत्त्व कळते.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्याच्या हद्दीत शिरल्या. पत्रादेवीसारख्या नाक्यांवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मारली गेली. मुंबईत हरताळ पडला. लालबाग, परळ, काळाचौकी या गिरण्यांच्या मुलखात सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडचा कामगार मोठा. गोव्याची वेस त्याच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. त्याला ‘पोर्तुगालची अंतर्गत बाब’ हे शब्द कसे लागले असतील ते सांगायला नको. पाश्चात्त्य जगाने मात्र ते मानले. २ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात या प्रदेशांना ‘पोर्तुगीज प्रांत’ असे म्हटले. सालाझारने घटनेत घातलेला शब्द वॉशिंग्टनच्या कागदावर उमटला. शब्दप्रयोग असा प्रवास करतो.

येथपर्यंतची कथा आपल्याला सुखावणारी आहे, म्हणून येथेच थांबण्याचा मोह होतो. परंतु तिचा दुसरा भाग त्याच वर्षीचा आणि आपल्या अंगणातला आहे. पत्रादेवीच्या गोळीबाराला तीन महिने आणि काही दिवस लोटले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ, विधिमंडळाकडे निघालेल्या मोर्चावर मुंबई राज्याच्या पोलिसांनी गोळीबार केला. पंधरा माणसे पडली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईची घोषणा होताच पुन्हा गोळीबार झाले, त्यांत गिरणगावही सुटला नाही, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली. ऑगस्टात गोव्यातील गोळीबाराचा निषेध करणारा कामगार आणि नोव्हेंबरात स्वकीयांच्या गोळ्या झेलणारा कामगार हा एकाच चाळीतला होता. या खेपेस न्यायालयीन चौकशीची मागणी परदेशातून आली नाही. ती केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी केली. ती मान्य झाली नाही. देशमुखांनी राजीनामा दिला आणि १९५६ साली लोकसभेत आपली व्यथा बोलून दाखवली. ‘अंतर्गत बाब’ या शब्दांचा अर्थ जर ‘आमचे आम्ही पाहू’ असा असेल, तर पाहण्याची ही पहिली कसोटी होती आणि तीत आपण उतरलो नाही, असे माझे मत आहे.

आता एका लेखाचा विचार करू. २८ मे १९६१ रोजी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये पीटर बेनेन्सन या वकिलाचा ‘विस्मृत बंदी’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख आला आणि त्यातून अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. पोर्तुगालमधील दोन विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याच्या नावाने पेला उंचावल्याबद्दल शिक्षा झाल्याची बातमी वाचून बेनेन्सन अस्वस्थ झाले, अशी तिची जन्मकथा सांगतात. म्हणजे ज्या राजवटीने कुन्हांना पेनिशला डांबले, तिच्याच तुरुंगाच्या भिंतीवर या चळवळीचे बीज पडले. लेख म्हणून त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. बेनेन्सन यांनी सहा बंदी निवडले. अंगोलाचा कवी आगोश्तिन्यू नेतू पोर्तुगीजांच्या कैदेत. रुमानियाचा तत्त्वचिंतक नोइका कम्युनिस्टांच्या. अमेरिकेतील पाद्री अ‍ॅश्टन जोन्स, जो काळ्यांच्या हक्कांसाठी तुरुंगात गेला. ग्रीसचा कामगार नेता अंबातिएलोस. आणि आपल्या वाचकांना परिचयाचे दोघे, प्रागचे महागुरुस्वामी बेरान आणि हंगेरीचे कार्डिनल मिंडझेंटी. डावी, उजवी आणि वसाहतवादी, अशा तिन्ही प्रकारच्या राजवटी एका पानावर आणून त्यांनी वाचकाला पळवाट ठेवली नाही. लेखाचे बळ त्याच्या करुणेत जितके आहे, त्याहून अधिक या निवडीत आहे. पुढे संस्थेने नियमच केला की सदस्याने स्वतःच्या देशातील बंद्यांचे काम हाती घ्यायचे नाही. हेतू निःपक्षपातीपणाचा, परंतु त्याचा एक परिणाम असा की त्या संस्थेची प्रत्येक टीका व्याख्येनेच परदेशी ठरली. आपल्या घरच्या कैद्याविषयी बोलायचे नाही आणि परक्याच्या घरचे दार ठोठवायचे, ही पद्धत संशयाला आमंत्रण देणारी होती, हे मान्य केले पाहिजे. काळाच्या ओघात तो नियम सैल झाला, ते योग्यच झाले.

मिंडझेंटींचा उल्लेख आला म्हणून एक विचारतो. हंगेरीतील त्या बंदिवानासाठी जगभरच्या चर्चमध्ये प्रार्थना झाल्या. ही हंगेरीची अंतर्गत बाब आहे, असे तेव्हा आपल्यापैकी कोणी म्हणाले काय? आणि १९५६ साली सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले तेव्हा संयुक्त राष्ट्रांत भारताच्या प्रतिनिधीने कचखाऊ भूमिका घेतली, तिच्यावर जयप्रकाश नारायणांनी कठोर टीका केली. दक्षिण आफ्रिकेविषयी मोकळा असलेला आपला आवाज हंगेरीविषयी घशात अडकला होता. निवडक संताप हा काही पाश्चात्त्यांचाच मक्ता नाही.

त्यांचा नमुना मात्र १९६१ च्या डिसेंबरात पाहावा. १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि त्याच दिवशी सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी भारताने माघार घ्यावी असा ठराव आणला. सात मते बाजूने, चार विरुद्ध. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. अमेरिकेचे अडलाय स्टीव्हन्सन यांनी तर हे संयुक्त राष्ट्रांच्या अंताची नांदी ठरेल असा सूर लावला. बळाच्या वापराला तत्त्वतः विरोध करणाऱ्याला मी खोटे म्हणणार नाही. परंतु पेनिश, आग्वाद, पत्रादेवी यांविषयी ज्याने पंधरा वर्षे तोंड उघडले नाही त्याला अचानक सनद आठवावी, ही टीका ऐकण्याजोगी राहत नाही. तिच्यात तथ्य नसते असे नव्हे; तिला वजन नसते.

याउलट मोहन रानडे यांची कथा. सांगलीकडचा हा शिक्षक गोव्याच्या लढ्यात गेला, १९५५ साली जखमी अवस्थेत पकडला गेला, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालच्या तुरुंगात पाठविला गेला. गोवा मुक्त झाला तरी रानडे आणि तेलो मास्कारेन्यश हे दोघे तिकडेच राहिले. रानड्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांसारख्यांनी येथे खटपट केली. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ साली पोप सहावे पॉल यांच्या भेटीत त्यांच्यासाठी शब्द टाकल्याचे सांगतात. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले, पुढच्या वर्षी तेलो. नास्तिक परंपरेतला एक तामिळ नेता, एका मराठी हिंदू क्रांतिकारकासाठी, कॅथलिक धर्माच्या प्रमुखाकडे, एका कॅथलिक हुकूमशाहीविषयी गाऱ्हाणे घेऊन जातो! यात ‘अंतर्गत’ काय आणि ‘बाह्य’ काय, हे कोणी मला रेषा ओढून दाखवावे.

पुढे १९७५ च्या आणीबाणीत हाच शब्दप्रयोग आपल्या सरकारने उचलला आणि आज देशात निरनिराळ्या बाजूंना असलेल्या पक्षांच्या पूर्वसूरींनी तेव्हा परदेशी टीकेचे स्वागत केले. सेमिनरी सोडून मुंबईच्या गोदीत आणि टॅक्सीतळांवर आलेला जॉर्ज फर्नांडिस १९७६ साली पकडला गेला, तेव्हा त्याच्या जिवाविषयी युरोपातील समाजवादी नेत्यांनी दिल्लीकडे विचारणा केली. त्याला कोणी देशद्रोह म्हटले असेल, तर म्हणणारे आज सापडणार नाहीत.

काश्मीर, पंजाब आणि ईशान्येकडील राज्ये यांविषयीच्या टीकेचे मूल्यमापन करताना मात्र सरधोपट चालता येत नाही. १४ जून २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने काश्मीरविषयीचा आपला पहिला अहवाल काढला. त्यात नियंत्रणरेषेच्या दोन्ही बाजूंचा विचार होता आणि सशस्त्र गटांचे अत्याचारही होते. भारत सरकारने तो भ्रामक, पूर्वग्रहदूषित आणि हेतुप्रेरित असल्याचे सांगून फेटाळला. पडताळणी न केलेल्या माहितीवर तो बेतला आहे, हा आक्षेप गंभीर आहे. पण अहवालकर्त्यांना प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची परवानगी मिळाली नव्हती, आणि त्यांनी तसे नमूद केले होते. दार लावून घ्यायचे आणि मग आत न पाहता लिहिले म्हणून दोष द्यायचा, हा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातही टिकणार नाही. दुसऱ्या बाजूने, १९९० साली खोरे सोडावे लागलेल्या काश्मिरी पंडितांचे दुःख परदेशी लेखनात ओझरते येते, ही तक्रारही मला गैर वाटत नाही. ज्याच्या घराची राख झाली त्याला आपण तळटीप झालो असे वाटू नये.

टीकेने काही निष्पन्न होते का? होते, पण वाकड्या वाटेने. पंजाब व काश्मीरविषयीच्या टीकेचा भडिमार चालू असताना १९९३ साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन झाला. तो जगाला दाखविण्यासाठी मांडलेला देखावा आहे, असे पुष्कळांनी म्हटले. परंतु अमृतसर जिल्ह्यात पोलिसांनी परस्पर उरकलेल्या दहनांचा शोध घेणारे जसवंतसिंग खालरा १९९५ साली नाहीसे झाल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्रीय तपास यंत्रणेने २,०९७ दहनांची नोंद पुढे आणली आणि न्यायालयाने ते प्रकरण १९९६ साली याच आयोगाकडे सोपविले. सैन्याविषयी या आयोगाचे हात कायद्यानेच बांधलेले आहेत, ही त्याची मोठी उणीव. तरीही देखाव्यासाठी लावलेल्या दारातून कधी कधी खरा याचक आत येतो.

पवित्र शास्त्रात या विषयावरचा एक अप्रतिम ग्रंथ आहे, तो म्हणजे आमोस. साहित्यकृती म्हणूनही त्याची रचना पाहावी. तकोवाचा हा मेंढपाळ दक्षिणेकडचा. बोलायला गेला उत्तरेकडच्या बेथेलला. सुरुवात करतो ती दमास्कसच्या अपराधांपासून; मग गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. बेथेलचा श्रोता शत्रूंची निंदा ऐकून माना डोलावत असणार. मग यहूदाची पाळी येते, म्हणजे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या प्रदेशाची. आणि शेवटी इस्राएलची, जेथे तो उभा आहे. परक्यांवरून आपल्यावर आणि आपल्यावरून तुमच्यावर, असा हा फास आवळत येतो. त्यातही मवाबाचा अपराध लक्षात घ्यावा : त्याने अदोमच्या राजाची हाडे जाळली. अपराधी परका, पीडितही परका. इस्राएलचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, तरी संदेष्ट्याला त्याची चाड आहे. बेथेलचा धर्मगुरू अमस्या त्याला बजावतो ते ‘अंतर्गत बाब’ या शब्दप्रयोगाचेच जुने रूप आहे : आपल्या मुलखात जा आणि तिकडे बोल, हे राजाचे ठिकाण आहे. आमोसाने मांडलेल्या वस्तुस्थितीविषयी अमस्या एक शब्दही बोलत नाही. आणि तो धर्मगुरू होता, राजाचा शिपाई नव्हे, हे आम्हा झगा घालणाऱ्यांनी विसरू नये.

या पार्श्वभूमीवर ६ जुलै २०२१ चे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे निवेदन वाचण्यासारखे आहे. अनेक वाचकांना आश्चर्य वाटेल, पण त्याचा आधार ‘तुम्ही कोण विचारणारे’ हा नाही. अटक कायद्याच्या प्रक्रियेनुसार झाली, आरोपांच्या स्वरूपामुळे न्यायालयांनी जामीन नाकारला, खासगी इस्पितळात उपचारांची मुभा न्यायालयाने दिली होती. आणि भारतात स्वतंत्र न्यायसंस्था, राष्ट्रीय व राज्य मानवाधिकार आयोग, मुक्त वृत्तपत्रे आणि बोलका नागरी समाज आहे, असे त्यात म्हटले होते. अमस्यापेक्षा हे उत्तर निश्चितच वरच्या दर्जाचे आहे, कारण ते मोजमाप देते. मग त्याच मापाने मोजले पाहिजे. त्र्याऐंशी वर्षांचा, कंपवाताने हात थरथरणारा एक आरोपी ऑक्टोबर २०२० मध्ये रांचीत पकडला जातो. तळोजा कारागृहात पाणी पिण्यासाठी नळी व झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्याला न्यायालयात अर्ज करावा लागतो. मार्च २०२१ मध्ये जामीन नाकारला जातो. मे महिन्यात तो उच्च न्यायालयाला दूरदृश्य यंत्रणेवरून सांगतो की मला दुसऱ्या इस्पितळात नको, रांचीला माझ्या माणसांत जाऊ द्या. खटला उभाच राहिला नाही. त्यामुळे आरोप सिद्ध झाले असे कोणाला म्हणता येत नाही, आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले असे आपल्यालाही म्हणता येत नाही. निवेदनातील प्रत्येक संस्था अस्तित्वात होती. त्या नऊ महिन्यांत त्यांपैकी कोणती वेळेवर पोहोचली, हे विचारायला परदेशी पारपत्र लागत नाही.

१९ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठातील न्यायमूर्ती शिंदे यांनी फादर स्टॅन यांच्या कार्याविषयी आदर व्यक्त केला. राष्ट्रीय तपास संस्थेने हरकत घेतल्यावर २३ जुलैला ते शब्द त्यांनी मागे घेतले. त्याच वर्षी मुंबईचे येशूसंघीय फादर फ्रेझर मास्कारेन्यश यांनी उच्च न्यायालयाकडे दाद मागितली : जामीन नाकारताना दिवंगताविषयी जी प्रथमदर्शनी मते नोंदविली गेली, त्यांचा डाग पुसला जावा. अर्ज करणारा भारतीय, ज्याच्यासाठी केला तो भारतीय, न्यायालय भारतीय आणि आधार भारतीय राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाचा.